कटर मशीनची चेन खिळ्यावर गेली? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं आणि आमच्या दापोली-मंडणगड पट्ट्यात आंबा, फणस, नारळ, पोफळी सगळं आडवं करून गेलं. त्यानंतर वाडीवाडीत कटर मशीन आली, म्हणजे दातेरी चेन फिरवून लाकूड कापणारी चेनसॉ. मशीन आली पण चेन कशाने मरते हे कुणी सांगितलं नाही, त्यामुळे माझ्याकडे धारेला येणारा प्रत्येक दुसरा माणूस "काय नाय ओ, जरा काहीतरी लागलं" असं म्हणतच येतो. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाच लिहून टाकतोय. खाली कटर म्हणजे मशीन आणि दात म्हणजे चेनवरचा कापणारा दात, तेवढा गोंधळ करू नका.

काहीतरी लागलं हे नक्की कळतं कसं?

मोठा मोळा किंवा साखळी असेल तर विचारावं लागतच नाही, खण्णकन आवाज येतो, ठिणगी दिसते, हाताला झटका बसतो. पण बारीक चूक, म्हणजे छोटा खिळा, ओल्या लाकडात खोल असेल तर काहीच वाजत नाही, मशीनच्या आवाजात ते ऐकूही येत नाही. तेव्हा भुशाकडे बघायचं. चांगली चेन जाड किस टाकते, खोबऱ्याच्या किसासारखा, बुटावर पडला की कळतो. लागल्यावर तोच भुसा एकदम पीठ होतो, गिरणीतल्यासारखा उडतो आणि मशीनवर जोर द्यावासा वाटतो. जोर द्यावासा वाटला ना, तिथेच समजायचं. त्यापुढची पायरी म्हणजे धूर, आणि करपलेल्या लाकडाचा वास.

बरं लागलं, आता त्या क्षणी काय करू?

अ‍ॅक्सिलरेटर सोडा. बस. बाकी सगळं नंतर. लोक काय करतात तर "आता एवढं आलंच आहे तर पार करून टाकू" म्हणून अजून रेटतात आणि खरी चेन तिथे मरते. हिशोब सांगतो, १८ इंची बारवर (चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) साधारण ७२ ड्राइव्ह लिंकची (बारच्या खाचेत पळणाऱ्या कड्यांची) चेन असते, तिच्यावर ३६ दात, आणि मशीन दहा हजार आरपीएमला असेल तर चेन ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास पळते, म्हणजे एका सेकंदात पूर्ण चेन बारभोवती सोळाएक वेळा फिरते. तुम्ही एक सेकंद उशिरा सोडलं तर खिळ्याच्या रेषेत येणारा प्रत्येक दात सोळा वेळा त्याच्यावर आपटला. पाच सेकंद रेटलं तर तुम्हीच करा गुणाकार.

सोडल्यावर चेन ब्रेक लावा, मशीन बंद करा, बार खाचेतून बाहेर घ्या आणि हातमोजा घालून चेन हाताने हळूहळू ओढत एकेक दात बघा. चेन चालू असताना बार खाचेतून उपसू नका, वरचं टोक कशावर टेकलं की मशीन थेट तोंडावर येते.

एवढ्याशा खिळ्याने काय होतंय, बाभळीचं लाकूडपण दगडासारखंच असतं की?

नाही होत तसं. दात पोलादाचा असतो पण धार टिकते ती त्याच्यावरच्या क्रोमच्या थरामुळे, आणि तो थर केसापेक्षा पातळ असतो, दाताच्या वरच्या आणि बाहेरच्या अंगाला. लाकूड कितीही कडक असलं तरी त्या थराला काही करत नाही, फक्त हळूहळू झिजवतं. लोखंडावर आपटलं की कोपऱ्यावरचं क्रोम टवका उडाल्यासारखं निघतं आणि मागचं उघडं पोलाद धार धरत नाही. म्हणून तुम्ही घरी दोन हात कानस मारता, दात चकाकतो, तुम्हाला वाटतं झालं काम, आणि दोन कापात परत बोथट. कारण तुम्ही क्रोम उडालेल्या जागेच्या मागे अजून गेलेलाच नसता.

बघायची एक साधी पद्धत आहे. चेन उन्हात धरा आणि दाताचा पुढचा कोपरा डोळ्यासमोर आणा. धारदार कडेवरून उजेड परत येत नाही, ती काळीच दिसते. कोपऱ्यावर पांढरी रेघ किंवा टिंब चमकलं तर तेवढा भाग गेलेला आहे, आणि ती चमक पूर्ण जाईपर्यंत कानस चालवायची आहे. म्हाताऱ्या डोळ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, घड्याळजीची भिंग घ्यावी.

जास्त वाईट काय, खिळा की दगड-माती?

सगळे खिळ्याला घाबरतात, पण माझ्या मते माती जास्त चेनी मारते. साधा खिळा मऊ लोखंडाचा असतो, कधीकधी चेन तो कापून निघूनही जाते, काही दात जातात बाकीचे वाचतात. वाळूतली गारगोटी पोलादाच्या दातापेक्षा कडक असते आणि ती एका जागी नसते, सगळीकडे असते, त्यामुळे सगळे ३६ च्या ३६ दात एकसारखे बोथट होतात. आणि हे आवाज न करता होतं. जमिनीला टेकलेला ओंडका खालपर्यंत कापताना बारचं टोक मातीत अर्धा सेकंद गेलं, संपलं. जांभ्याच्या कातळावर तर विचारूच नका.

सालीत बसलेली माती कुणाच्या लक्षात येत नाही. ओंडका दोरीने फरफटत आणला असेल तर सालीत खडी रुतलेली असते. वाळवी लागलेल्या झाडात वाळवी स्वतः माती आत नेऊन ठेवते, बाहेरून झाड धडधाकट आणि आतल्या पोकळीत घमेलंभर माती. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी शिरलं, त्यानंतर वाहून आलेली लाकडं लोकांनी फुकट मिळाली म्हणून गोळा केली आणि कापायला आणली. फुकटच्या लाकडापायी विकतच्या चेनी गेल्या, कारण प्रत्येक भेगेत रेती. कापायच्या जागी कोयत्याने वीतभर साल सोलून घ्या, ब्रश मारा, जमलं तर पाणी मारा, आणि ओंडक्याखाली दोन लाकडं टाकून तो उचलून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

बाकी वस्तूंचं म्हणाल तर अ‍ॅल्युमिनियमची, तांब्याची तार मऊ, तिने फार होत नाही. काटेरी तार कापली जात नाही, चेनला पकडते आणि तिचं टोक चाबकासारखं उडतं. सगळ्यात वाईट म्हणजे काँक्रीटमध्ये ठोकायचे कडक खिळे, बोल्ट, आणि जुन्या लाईटच्या तारेचे चिनी मातीचे पांढरे इन्शुलेटर. तो इन्शुलेटर झाडाने गिळलेला असेल तर चेनचा निकालच.

पण झाडात लोखंड येतं कुठून? आमच्या आगरात कोण खिळे मारणार?

तुमच्या आजोबांनी मारलेत! खरंच सांगतो, मी आता नवीन ठिकाणी गेलो की आधी झाड बघत नाही, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारतो, आजी, या झाडाला काय काय बांधायचात तुम्ही. मग निघतं एकेक. गुरं बांधायची कडी. कपडे वाळत घालायची तार. झोपाळ्याच्या कड्या. मीटर यायच्या आधीची लाईटची वायर. कुंपणाची काटेरी तार तर ठरलेलीच, कारण पांगारा, भेंड, गिरिपुष्प यांचे जिवंत खांब करून त्याला तार ठोकायची पद्धत आहे आणि दहा वर्षांत झाड ती तार गिळून टाकतं, बाहेरून फक्त एक आडवी सुरकुती दिसते. नारळाला उंदीर चढू नये म्हणून पत्रा गुंडाळून चुका मारतात, पत्रा गंजून पडतो, चुका राहतात. फणस धरत नाही म्हणून खिळा ठोकणारे आमच्याकडे अजून आहेत. ढोलीत पाणी साठतं म्हणून कुणीतरी सिमेंट भरलेलं असतं. आणि फांद्यांच्या दुबेळक्यात पोरांनी ठेवलेले दगड, ते झाड मायेने पोटात घेतं.

वड-पिंपळ-उंबर असेल तर मुळं गडग्याचे दगड उचलून आत घेतात, कधी चिरा, कधी जुन्या देवळीची अख्खी पायरी. गावातल्या नाक्यावरचं झाड असेल तर क्लासच्या जाहिराती, भाड्याने खोली, निवडणुकीचे बोर्ड, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळ्यांचे खिळे वर्षानुवर्षे साठलेले.

मी स्वतः एकदा पडलेल्या रायवळ आंब्याची आडवी फांदी कापत होतो, मांडीएवढी जाड. अर्ध्यात खणकलं. लागलं म्हणून सोडलं, दुसऱ्या बाजूने कुऱ्हाडीने ढलपी उडवली तर आत झोपाळ्याची साखळी, तीन कड्या पूर्ण लाकडात आणि चौथीचं अर्धं तोंड कापलेलं. घरातल्या काकू बाहेर आल्या, बघून म्हणाल्या अगोबाई हा तर आमच्या सासूबाईंचा झोका! मग ती साखळी त्यांना लाकडासकट हवी झाली, म्हणून अजून तासभर त्याच्या दोन्ही बाजूंनी कापून तो तुकडा काढून दिला. माझे अकरा दात गेले. चहा मिळाला.

झाड वाढतं तसा खिळा पण वर जातो ना? मग शोधायचा कुठे?

नाही जात. हा फार जणांचा गैरसमज आहे. झाड उंचीला वाढतं ते शेंड्याकडून, बुंधा फक्त जाड होतो. म्हणजे आजोबांनी छातीएवढ्या उंचीवर ठोकलेला खिळा आजही छातीएवढ्याच उंचीवर आहे, फक्त पाच-सहा इंच आत गेलाय. त्यामुळे धोक्याचा पट्टा जमिनीपासून साधारण माणूस हात वर करून पोचेल तिथपर्यंत, आणि शिडी लावून बोर्ड मारलेले असतील तर अजून थोडा वर. जाड झाडात खिळे गाभ्याकडे असतात हे पण लक्षात ठेवा, बाहेरचं दोन इंच स्वच्छ कापलं म्हणून निर्धास्त होऊ नका.

बाहेरून ओळखायची काही खूण आहे का?

आहे. सालीवर एखादी गाठ जिथे फांदी कधीच नव्हती अशा जागी, नाभीसारखा खळगा, आडवी सुरकुती, किंवा एका रेषेत दोन-तीन फुगवटे, हे सगळं संशयाचं. गंजाचा ओघळ दिसला तर मग काय प्रश्नच नाही.

पण सगळ्यात भारी खूण आत मिळते, रंगाची. लाकडात टॅनिन असतं आणि लोखंड गंजलं की दोघांचं मिळून निळं-काळं होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून काळी शाई करायचे, हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, तीच शाई इथे झाड स्वतः बनवतं. बाभूळ, ऐन, जांभूळ यांत टॅनिन भरपूर म्हणून डाग गडद. हा डाग लाकडाच्या उभ्या रेषेत वरखाली पसरतो, त्यामुळे ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर एखादा निळाकाळा ठिपका दिसला तर समजायचं लोखंड त्याच रेषेत पुढे किंवा मागे कुठेतरी आहे, अजून कापायचं बाकी असेल तर तिथून लांब जा. फसवणूक एकाच ठिकाणी होते, आंब्याचं लाकूड कापून पावसात पडून राहिलं की बुरशीने निळसर होतं. पण ते फराटे असतात, बाहेरच्या कच्च्या लाकडात लांबरुंद पसरलेले. लोखंडाचा डाग एका जागी घट्ट असतो, शाईचा थेंब सांडल्यासारखा.

मेटल डिटेक्टर घेऊ का?

एखादं झाड कापायला नको. पण धंदा करत असाल आणि गावठाणातलं, रस्त्याकडेचं लाकूड जास्त येत असेल तर मॉलच्या दारात अंगावरून फिरवतात तसला हातातला डिटेक्टर कामाला येतो, महाग नसतो. त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको, वरच्या दोन-चार इंचांतलं दाखवतो, वीतभर आत गेलेला बारका खिळा त्याला दिसत नाही. दगड, सिमेंट, इन्शुलेटर याला तर तो ओळखतच नाही. फळ्या काढायच्या असतील तर प्रत्येक कापानंतर नव्या तोंडावर परत फिरवा, तेव्हा खरा उपयोग.

खिळा बाहेर दिसतोय, काढून कापू की तिथून सरकून?

शक्य असेल तर सरकून, एक वीत वर किंवा खाली. काढायचाच असेल तर पक्कड-पहारीने पूर्ण निघाला पाहिजे, डोकं तुटून दांडा आत राहिला तर आता तो दिसणारही नाही, आधीपेक्षा वाईट झालं. आणि एक दिसला म्हणजे अजून असणारच, बोर्ड एका खिळ्यावर कुणी लावत नाही.

ठोकर खाल्लेल्या चेनला घरी धार लावता येते का?

येते, घाई नको फक्त. आधी कानस बरोबर घ्या, ती चेनच्या पिचवर, म्हणजे कड्यांमधल्या इंचातल्या अंतरावर ठरते. घरगुती छोट्या मशीनची ३/८ लो प्रोफाइल चेन असेल तर ४ मिमीची गोल कानस, .३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ किंवा ५.५, कंपनी काय सांगते ते चेनच्या खोक्यावर असतं. बारवर पण पिच आणि गेज (खाचेची रुंदी) कोरलेलं असतं ते वाचा, पुसलं असेल तर दुकानात जुनी चेन घेऊन जा, अंदाजाने कानस घेऊ नका.

मग सगळ्यात जास्त खराब झालेला दात शोधा आणि त्याच्यापासून सुरुवात करा. बार व्हाइसमध्ये धरा, कानस ३० अंशात, बहुतेक दातांवर तेवढ्या कोनाची रेघ मारलेली असते तिला समांतर. कानस दाताच्या आतून बाहेरच्या बाजूला ढकलायची आणि परत येताना उचलायची, मागेपुढे करवतीसारखी घासायची नाही, कारण बाहेरून आत ओढलं तर क्रोमच उखडतं. नेहमीच्या धारेला दोन-तीन हात पुरतात, खिळ्यानंतर दहा-पंधरा लागू शकतात. चमक गेली की थांबा आणि किती हात लागले ते मोजून ठेवा. बाकीच्या दातांना त्या लांबीवर आणायचं. आधी एका बाजूचे सगळे, मग बार फिरवून दुसऱ्या बाजूचे.

इतकं करून लोक एक गोष्ट विसरतात, रेकर. दाताच्या पुढे जो छोटा उंचवटा असतो तो, दात किती खोल चावणार ते तोच ठरवतो. दात मागे घासला की तो उताराने बुटका होतो, रेकर तेवढाच राहतो, मग धार ब्लेडसारखी असून पण चेन नुसती सरकते. साधारण ०.६५ मिमीचा फरक लागतो, गेजपट्टी मिळते ती ठेवून चपट्या कानशीने रेकर खाली घ्या. जास्त घासलात तर चेन झटके मारायला लागते, आणि ते धोक्याचं आहे, म्हणून एकेक हात.

एकच दात तुटलाय, बाकी चेन नवी आहे. त्या एकापायी ३५ दात घासू?

पुस्तकात सांगतात सगळे दात एका लांबीचे पाहिजेत. मला विचाराल तर एक-दोन दातांसाठी नवी चेन निम्मी करणं म्हणजे उंदरापायी घर जाळणं. तो एक दात घासून त्याला धार येत असेल तेवढी आणा, त्याचा रेकर त्याच्या हिशोबाने खाली घ्या, आणि बाकीचे नेहमीसारखे. पुढच्या आठ-दहा धारांत बाकीचे आपोआप त्याच्या लांबीला येतात. पण दात मुळापासून हललाय किंवा पायाला तडा आहे, तर असलं काही करायचं नाही.

चेन टाकून द्यायची वेळ कधी आली समजायचं?

दातांच्या मागच्या टोकाला एक तिरकी खूण असते, धार तिथपर्यंत पोचली की संपली चेन, त्यापुढे दात तुटून उडू शकतो. दुसरं म्हणजे तडा. ठोकर बसल्यावर चेन रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये धुऊन, पुसून, एकेक लिंक वाकवून बघा. रिव्हेटच्या भोकापासून बारीक काळी रेघ निघालेली दिसली, एखादी लिंक वाकत नाही किंवा जास्तच डुगडुगते, ड्राइव्ह लिंकचं टोक मुडपलंय, तर फेकायची. तडा गेलेल्या चेनला "अजून एक झाड होईल" म्हणणाऱ्यांनी आधी पुढचा प्रश्न वाचा.

मध्ये एकच लिंक खराब असेल तर रिव्हेट काढून नवीन लिंक टाकून मिळते, पण ते रिव्हेटच्या मशीनवर झालं पाहिजे. हातोड्याने ठोकून जोडलेली चेन मी धारेला सुद्धा घेत नाही.

चेन तुटून अंगावर येते का खरंच?

येते. बहुतेक वेळा तुटलेली चेन मागे फटका मारते, त्यासाठी मशीनला खाली बारच्या बुडाशी एक छोटा हुकासारखा कॅचर असतो. तो तुटला असेल तर बदला, फार छोटी वस्तू आहे आणि तुमच्या उजव्या हातासाठी आहे. सुटा तुकडा किंवा खिळ्याचं डोकं उडालं तर ते बारच्या रेषेत जातं, म्हणून तुम्ही बारच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि बघ्यांनाही राहू द्यायचं नाही. गावात झाड पडलं की वीस माणसं जमतात, अर्धी बरोबर बारच्या समोर उभी असतात. गॉगल लावा. उन्हाचा चालणार नाही.

आता मशीन सरळ कापतच नाही, एका बाजूला वळत जाते.

खिळा एका बाजूच्या दातांना जास्त लागला. चेनवर एक दात डावा एक उजवा असे असतात, डावे बोथट झाले की उजवे ओढून नेतात, काप केळ्यासारखा होतो. दोन्ही बाजू सारख्या घासूनही वळतच असेल तर बार बघा. ठोकरीने बारच्या कडा दबून बाहेर ओठ फुटल्यासारखी धार येते, बोट फिरवू नका कापेल, चपट्या कानशीने ती काढा. बारची खाच एका बाजूला पसरली असेल तर नाणं आत घालून बघा, फार डुगडुगलं तर बार गेला. टोकाला छोटं स्प्रॉकेट असतं ते फिरतंय का बघा. आणि बार मधूनमधून उलटा करून लावत जा, एकच कड झिजत नाही.

दुकानात ग्राइंडरवर धार लावून आणली, दात निळे दिसतायत. चालेल?

जळवली. लोहार पाणी देतो ना, ते पाणी उतरलं त्या दातांचं. दगड एका जागी दाबून धरला की दात तापतो आणि निळा पडतो, मग ती जागा ना धड धार धरते ना धड कानशीला ऐकते. निळा भाग पूर्ण निघेपर्यंत थोडं थोडं घासायचं, पर्याय नाही. खिळ्याने खाल्लेल्या चेनला ग्राइंडर वाईट नाही, मी पण वापरतो, पण टच-टच करत, दगड टेकवून लगेच उचलत.

कार्बाइडची चेन मिळते म्हणे, तीच घेतली तर कटकट मिटेल?

मिळते, स्टिलची रॅपिड ड्युरो नावाची आहे, दातावर कार्बाइडचा तुकडा बसवलेला असतो. मातकट, रेतीच्या लाकडाला ती खरंच जास्त टिकते. पण महाग आहे, साध्या कानशीने धार लागत नाही, डायमंड व्हील लागतं, ते आपल्याकडे तालुक्याला शोधून सापडायचं नाही. आणि खिळा-दगडाची ठोकर बसली की कार्बाइडचा टवका उडतो. त्यापेक्षा दोन साध्या चेनी जवळ ठेवा. एक जुनी, संशयाच्या लाकडासाठी, एक चांगली. जुनी चेन आजीच्या झोपाळ्याच्या झाडाला.

खिळा नाही, माती नाही, तरी माडावर चेन दोन तासात बोथट. का?

माडाच्या खोडात बारीक सिलिका असते, सागातही असते. वाळूच ती, झाडाने जमिनीतून घेतलेली. त्यात समुद्राजवळच्या माडांवर उडालेली रेती वेगळी. धार वारंवार लावत राहणं एवढंच, चेन खराब नाही तुमची.

नायलॉनची दोरी किंवा मांजा अडकला तर?

चेनला काही होत नाही, आत क्लचच्या ड्रमला गुंडाळून वितळतो. कव्हर काढून ब्लेडने कापा, ओढू नका. वटपौर्णिमेच्या वडाचा दोरा सुती असतो त्याने काही होत नाही, ते लोक मला उगाच विचारतात.

जळकं ऑइल चेनला चालतं का? ठोकरीशी काय संबंध?

संबंध आहे. गाडीच्या जळक्या ऑइलमध्ये लोखंडाचा बारीक चुरा असतो, तो बार आणि चेन दोघांना आतून घासतो, आणि अशी आधीच सैल झालेली चेन ठोकरीला पटकन तुटते. शिवाय ते चिकटत नाही, उडून तुमच्याच पँटवर येतं.

वखारवाला आमचा परसातला साग घेत नाही, भाव पाडतोय का?

थोडा पाडत असेल, धंदा आहे त्याचा. पण त्याची भीती खरी आहे. तुमची चेन गेली तर एक चेन गेली, त्याच्या बँड सॉला खिळा लागला तर अख्खं पातं जातं आणि कामगाराच्या जिवाला धोका. म्हणून घराजवळचं, कुंपणाचं, रस्त्याकडेचं लाकूड म्हटलं की तो तोंड वाकडं करतो. बुंध्याचा खालचा माणूसभर उंचीचा तुकडा वेगळा काढून वरचा ओंडका विकायचा प्रयत्न करा, बऱ्याचदा घेतात.

गिऱ्हाइकाच्या झाडात खिळा निघाला, चेनचे पैसे कुणी द्यायचे?

हे काम सुरू करायच्या आधी बोलायचं असतं, नंतर नाही. मी सरळ सांगतो, झाडात लोखंड निघालं तर चेनची धार तुमच्याकडे, चेन गेली तर निम्मी तुमची. बहुतेक लोक हो म्हणतात, आणि तेव्हाच आठवतं त्यांना, अरे हो, तिथे मागच्या बाजूला एक कडी होती. आधी नाही बोललात तर नंतर भांडण आहेच, आणि गावात भांडण म्हणजे पुढचं काम पण गेलं.

झाडाला खिळे मारणं कायद्याने चालतं का?

शहरात तर नाहीच, महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, त्यात झाडाला इजा करणं पण तोडण्यातच धरलंय. पुण्यात लोकांनी खिळेमुक्त झाडांची मोहीम काढून खिळे उपटलेत. कापायला पण परवानगी लागते, ती आधी काढा, चेनचं नंतर बघू.

गावाबाहेर एक चिंच आहे, बुंध्यात खिळेच खिळे, लिंबू, काळ्या बाहुल्या, लोक म्हणतात भूत खिळलंय. वादळात अर्धी मोडून रस्त्यावर आलीय, कापायला कुणी तयार नाही. काय करू?

भुताचं मी सांगू शकत नाही, खिळ्यांचं सांगतो. असल्या झाडात मोळे असतात, लांब, आणि एकावर एक पिढ्यांचे, वरचे दिसतात तेवढेच धरू नका. मी असं एक कापलंय. आधी पंचायतीचा माणूस बरोबर घेतला, ज्यांनी बाहुल्या लावल्या होत्या त्यांच्यातल्याच एका म्हाताऱ्याला बोलावून त्या काढायला लावल्या, नारळ फोडला, त्यात माझं काही गेलं नाही. मग सगळ्यात वरचा दिसणारा खिळा शोधला आणि त्याच्या दोन हात वरून जुन्या चेनने कापायला घेतलं. वरचा भाग लोण्यासारखा कापला गेला. खालचा बुंधा तसाच उभा ठेवला, अजून आहे, आणि गेल्या पावसात त्याला पालवी फुटलीय.